टेकडी संरक्षण कक्ष

२ जानेवारी १९८४

नवी डायरी मिळाली. रतनशेठच्या माणसाने ऑफिसात प्रत्येकाला एकेक दिली. दर पानाच्या माथ्यावर 'रतन खडी केंद्र, दिंडोशी' असं छापलंय, पण कागद उत्तम आहे, शाई फुटत नाही.

आज 'टेकडी संरक्षण कक्षा'चं उद्घाटन झालं. उपनगरातल्या टेकड्या दिसेनाशा होताहेत, असा प्रश्न कोणीतरी सभागृहात विचारला होता. त्याला उत्तर म्हणून हा कक्ष निघाला. साहेब टिपरे, टायपिस्ट कमलताई, शिपाई धोंडिराम आणि कनिष्ठ लिपिक मी. रेशनिंगमधून बदली झाली तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. दिंडोशीच्या टेकडीच्या पायथ्याशी लहानाचा मोठा झालेला माणूस टेकड्यांच्याच कक्षात लागतो, याला नशीब म्हणायचं.

कमलताई म्हणाल्या, "घाडीगावकर, चार माणसांत एक टेबल दिलंय. टेकडी ठेवायची कुठे?" बाई तिखट आहेत, पण मनाने चांगल्या वाटतात.

११ मार्च १९८४

आज राखण दिली. आमच्या मालवणकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला देऊळ लागत नाही, तो जागेवरच असतो, आणि वर्षातून एकदा त्याला नारळ देऊन आठवण ठेवायची असते. बाबा शिमग्याआधीच्या रविवारी हे करतात. एकही वर्ष चुकलेलं नाही.

बाबांना मिलमध्ये नोकरी लागली तेव्हा परळला खोली मिळेना. मग ते इतक्या लांब, या रानात आले. चार बांबू रोवण्याआधी टेकडी चढले, माथ्याच्या बरंच खाली, आमच्या बाजूच्या खांद्यावर एक उंबर होता, त्याच्याखाली दगड उभा केला आणि न दिसणाऱ्या मालकाकडे राहायची परवानगी मागितली. नंतर झोपडीची बैठी चाळ झाली, पण भाडेपावती कोणाच्याही नावाची असो, बाबांच्या लेखी घरमालक तो वरचाच.

वर गेलो की मला आईच दिसते. शेवंती नाव तिचं. एप्रिलात ओच्यात करवंदं भरून उतरायची, आणि पायाला काटे लागले तरी हसत असायची. पावसाळ्यात टाकळ्याची कोवळी पानं खुडायला मला बरोबर न्यायची. उंबराशेजारच्या सपाट कातळावर बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला. लग्नानंतर अनुपमाला पहिल्यांदा कुठे फिरायला नेलं असेल तर तिथेच. खोलीत दोघांना बोलायला जागा नव्हती, टेकडीवर होती.

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. गावी हे आमच्या घराण्याचंच काम, सगळ्यांचं म्हणणं देवापुढे मोठ्याने मांडायचं आणि मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी आणि अनुपमा ते म्हणत होतो, तेवढ्यात टेकडीच्या मागच्या अंगाला रतनशेठच्या खाणीत सुरुंग उडाला. दगडापुढचा नारळ हलला आणि घरंगळत खाली गेला.

बाबांनी उतरून नारळ परत आणून ठेवला. मग म्हणाले, "जयवंता, तुझा हापिस टेकड्यांचाच मां?"

"हो बाबा."

"मगे ही राखूक व्हयी. माका दुसरा काय नको. ह्यो उंबर आणि ही जागा माझ्या मागेय ऱ्हवाक व्हयी."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त अर्ज करा. बाकी माझ्यावर सोडा." किती वर्षांनी बाबांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. उतरताना मी मनातून फार खूश होतो.

१३ मार्च १९८४

बाबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, कमलताईंनी टाइप केलं. बाबा म्हणाले, "तो थंय पयल्यापास्न आसा." मी लिहिलं, 'सदर दैवत सदर ठिकाणी पूर्वापार अस्तित्वात असून'. बाबा म्हणाले, "सुरुंगान घराची भांडी वाजतत, पोरां दचाकतत." मी लिहिलं, 'स्फोटांमुळे परिसरात ध्वनी व कंप यांचा उपद्रव जाणवतो'. वाचून दाखवलं.

"बरा झालाहा," बाबा म्हणाले. "पण ह्यात मी खंय आसय?"

"खाली. अर्जदार म्हणून."

त्यांनी मिलच्या रात्रशाळेत शिकलेली सही केली. आमच्या कक्षाचा हा पहिला अर्ज. आवक क्रमांक एक! साहेबांनी स्वतः उठून शिक्का मारला आणि सगळ्यांना चहा मागवला.

१२ डिसेंबर १९८४

काम पुढे सरकलं. मधल्या महिन्यांत मोजणीची टेप मंजूर होऊन आली (आधी आली ती कापडाची, शिंप्याची होती, परत केली). काल मोजणी झाली. टेकडी दोनशे अकरा फूट भरली.

इथे एक अडचण निघाली. नियमाप्रमाणे दोनशे फुटांच्या वर असेल तो डोंगर. आमच्याकडे फक्त टेकड्या येतात, शंभर ते दोनशे फूट. डोंगरांचा कक्ष वरच्या मजल्यावर आहे. साहेबांनी फाईल वर पाठवली. ते म्हणाले, "घाडीगावकर, भावना बाजूला ठेवा. अकरा फूट म्हणजे अकरा फूट."

मला पटलं. आज अकरा फुटांकडे दुर्लक्ष केलं तर उद्या कोणीही हिमालय घेऊन येईल. बाबांना समजावलं तर ते म्हणाले, "मगे ती जरा मोठी आसा म्हणान तेंका राखता येणा नाय?" नियम त्यांना समजत नाहीत. मला बाबांचा थोडा रागच आला.

१८ नोव्हेंबर १९८५

आनंदाची बातमी! डोंगर कक्षाने वर्षभर फाईल अभ्यासून फेरमोजणी केली. उंची एकशे सत्तर. म्हणजे ती टेकडीच आहे, असा स्पष्ट निर्णय देऊन फाईल आमच्याकडे परत आली. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.

कमलताईंना सांगितलं तर त्या टाइप करायच्या थांबल्या. "आणि वरचे एक्केचाळीस फूट?"

"मोजणीत फरक पडतो ताई."

"घाडीगावकर, तुम्ही टेकडीच्या खाली राहता ना? मान वर करून बघत नाही का कधी?"

संध्याकाळी बघितलं. माथा खरंच बसल्यासारखा वाटतो. पूर्वी माथ्यावर गवत कापणारे मुंगीएवढे दिसायचे, आता माणसाएवढे दिसतात. पण उंबर आहे, जागा आहे. वेळेवर फाईल आली म्हणायची.

दिवाळीनिमित्त रतनशेठने सुक्या मेव्याचे बॉक्स पाठवले होते. तक्रार त्याच्याविरुद्ध असून मनात काही ठेवलं नाही, हे विशेष. ऑफिसच्या आवारात काँक्रीटचं काम चाललंय, त्याची खडीही तोच पुरवतो. इंजिनिअर म्हणाला, दिंडोशीच्या दगडासारखा दगड नाही. ऐकून उगीच अभिमान वाटला, आपल्या गावाचं नाव निघावं तसा.

५ मार्च १९८६

आज सुनावणी होती. हा दिवस मी विसरणार नाही.

बाबांना धुवट धोतर आणि काळी टोपी घालून घेऊन गेलो. रतनशेठ आधीच येऊन बसला होता. साहेब म्हणाले, "अर्जदाराने आपलं म्हणणं थोडक्यात मांडावं." म्हणणं मांडायचं म्हटल्यावर बाबांना एकच पद्धत ठाऊक. त्यांनी चपला काढल्या, साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले, टोपी सारखी केली, डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा म्हाराजा! ह्या कचेरीच्या जागेवाल्या! दारावरच्या शिपायापास्न आतल्या मोठ्या सायबापर्यंत जे कोण बसले हत, त्या सगळ्यांका ह्यो धाकू घाडी हात जोडता हा..."

मी शरमेने मान खाली घातली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" धोंडिराम होता. कणकवलीचा आहे, त्याला राहवलं नाही.

"ही फाईल वरच्या माळ्यार गेली ती खाली इली, आता ती सायबाच्या हातात गावंदे..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी शेजारच्या खात्यातले दोघे-तिघे दारात येऊन उभे होते. आमच्या इमारतीत निम्मी माणसं कोकणातली.

"सायबाच्या पेनात शाई ऱ्हवांदे, मनात दया ऱ्हवांदे. जो कोण टेकडी फोडता हा तेचा वाईट होवचा नाय, तेच्याय पोराबाळांका सुख गावंदे, पण तेचो सुरुंग ओलो होवंदे..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने रतनशेठ म्हणाला, हात जोडून. कच्छी माणूस, पण आपल्या चालीरीतींचा केवढा मान.

"आणि आमच्या राखणदाराक त्या जागेर सुखान बसांदे रे म्हाराजा!"

सगळा मजला घुमला. मीही म्हटलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मला माझ्या आजोळची जत्रा आठवली." मग त्यांनी फाईलवर लाल शाईने 'अतितातडीचे' असं लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. त्याखाली शेरा मारला, 'स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा.'

घरी येताना बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मला पावशेर खाजा घेऊन दिला, लहानपणी पगाराच्या दिवशी द्यायचे तसा. मी चाळिशीला आलोय. रस्त्यातच खायला सुरुवात केली.

२२ ऑक्टोबर १९८६

स्थळपाहणीला जीप नाही. खात्याची जीप डोंगर कक्षाकडे आहे, ते डोंगरावर जातात, त्यांची गरज मोठी. फाईलवर लाल शेरा असल्यामुळे ती कपाटात वेगळी, वरच्या कप्प्यात ठेवली आहे.

सुरुंग आता दिवसातून दोनदा उडतात. बाबा वर जाऊन बसतात. अनुपमा म्हणाली, "अहो, त्यांना थांबवा ना. काही लागलं-बिगलं तर?" मी त्यांना सांगितलं की प्रकरण अतितातडीचं आहे. ते म्हणाले, "व्हय, तेका आता आठ म्हयने झाले."

१५ जानेवारी १९८७

गेल्या आठवड्यात स्थळपाहणी एकदाची झाली. रतनशेठने स्वतःची जीप दिली म्हणून. साहेब टेकडीच्या मागच्या अंगाने वर गेले, कारण पक्का रस्ता त्याच बाजूला आहे, खाणीचा. नंतर त्याच्याकडेच जेवण झालं. मी चाळीत जेवायला बोलावणार होतो, अनुपमाने सांदणं केली होती, पण उशीर झाला.

उंची नव्वद फूट. शंभराच्या खाली असेल तो उंचवटा. उंचवट्यांचं काम उद्यानं आणि मैदानं बघणाऱ्यांकडे. साहेबांना वाईट वाटलं. "घाडीगावकर, मागच्या वर्षी आलो असतो तर आपल्या हातात होतं." फाईल उद्यानवाल्यांकडे गेली. त्यांचं पत्र लगेच, चौथ्या दिवशी आलं, एवढी तत्परता मी सरकारात पाहिली नाही. त्यांनी विचारलंय, सदर उंचवट्यावर झोपाळे किती व घसरगुंडी किती.

८ फेब्रुवारी १९८७

चाळीतली मंडळी बाबांकडे आली होती. म्हणाली, "धाकूअण्णा, खाण आता उंबरापर्यंत आली. तो दगड खाली आणूया. चाळीच्या तोंडाशी छान घुमटी बांधू, लायटिंग करू." मलाही ते बरं वाटलं. रतनशेठनेही फरश्या फुकट द्यायचं कबूल केलंय.

बाबा म्हणाले, "राखणदार जागेचो आसता, दगडाचो नाय. दगड उचलून आणशात, जागा खंय आणशात?"

मंडळी चहा पिऊन गेली. मी बाबांना म्हटलं, आपण निदान प्रयत्न तरी केला. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मी पहिल्यांदा नापास होऊन घरी आलो होतो तेव्हा जसे बघत होते, तसे.

९ फेब्रुवारी १९८७

दुपारी उंबर गेला.

मी ऑफिसात होतो. अनुपमाने सांगितलं. सुरुंगाआधीचा भोंगा झाला तेव्हा बाबा अंगणात उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज झाला, धूळ उठली. धूळ खाली बसली तेव्हा तिथे नुसतं आभाळ होतं. बाबा आत आले, पाणी मागितलं, प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

आईने करवंदं तोडली ती जाळी, माझा अभ्यासाचा कातळ, आम्ही नवराबायको बोलत बसायचो ती जागा, सगळं त्यात गेलं. आता त्या गोष्टी कुठे घडल्या असं कोणी विचारलं तर मी बोट हवेत दाखवायचं. मला फार वाईट वाटतंय. उद्यानवाल्यांना झोपाळ्यांबद्दल उत्तर पाठवायचं राहिलंय.

२७ एप्रिल १९८७

घरात सकाळी लवकर ऊन येतं. पूर्वी टेकडी आड होती, ऊन दारात येईपर्यंत पहिल्या पाळीची माणसं कामावर जाऊन तास उलटलेला असायचा. आता सूर्य उगवला की थेट उंबरठ्यावर. चाळीतल्या बायका खूश आहेत. अनुपमाचे पापड एका दिवसात कडकडीत वाळले. वाराही सुटतो.

बाबांचं मात्र तंत्र बिघडलंय. दारात ऊन दिसलं की धडपडत उठतात, उशीर झाला समजून. मग घड्याळाकडे बघतात आणि परत बसतात. आज मी विचारलं, "बाबा, कुठे जायचं असतं तुम्हाला?" ते म्हणाले, "खंयच नाय."

३० नोव्हेंबर १९८७

उद्यानवाल्यांकडून फाईल परत आली. त्यांची माणसं जागेवर गेली तेव्हा तिथे उंचवटा नव्हता, खड्डा होता. खड्डे आमच्याकडे येत नाहीत, असं त्यांनी कळवलंय. आमच्याकडेही येत नाहीत. शिवाय त्यात पावसाचं पाणी साठून राहिलंय, त्यामुळे तो तलाव धरावा का, असा मुद्दा साहेबांनी काढला. कमलताई म्हणाल्या, "आणखी थोडं थांबा साहेब, बदकं येऊ द्या, मग पक्षी खात्याकडे पाठवू." साहेब हसले. मला हसू आलं नाही. पूर्वी आलं असतं.

१६ मार्च १९८८

मार्चअखेर आला. वरून आदेश निघालाय, कक्षाचा आढावा घ्यायचा. एकही अर्ज निकाली नसेल तर कक्ष बंद आणि कर्मचारी अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे गडचिरोली नाहीतर घरी. आमच्याकडे चार वर्षांत अर्ज एकच, बाबांचा.

साहेबांनी निवेदन तयार केलं. 'सदर ठिकाणी टेकडी आढळून येत नसल्याने तिच्या संरक्षणाचा प्रश्न उद्भवत नाही.' त्याखाली अर्जदाराचं समाधानपत्र लागतं. ते मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि घरी आणलं. दोन तास खिशात ठेवलं. शेवटी जेवणं झाल्यावर बाबांना वाचून दाखवलं.

'सदर टेकडीबाबत माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.'

बाबा हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. "बरोबर लिवलंस. टेकडीच ऱ्हवली नाय, तिची तक्रार खंयसून ऱ्हवतली?"

"बाबा, तुमची इच्छा नसेल तर नका करू सही. माझं बघेन मी काहीतरी."

"नाय केलंय तर तुझी नोकरी जायत?"

आतल्या खोलीत अनुपमा भांडी घासायची थांबली, ते कळलं.

बाबांनी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. धाकू, मग वडिलांचं नाव, मग घाडीगावकर, एकेक अक्षर थांबून थांबून. काना राहिला होता, तो परत येऊन दिला. मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "जाता जाता तेणा तुझी नोकरी राखल्यान. राखणदारच मां तो."

मला हुंदका आवरेना. चाळिशीतला माणूस, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. मी काय राखलं? चार वर्षं मी त्या टेकडीची कागदावर उंची लिहीत बसलो. बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गप, गप. तू तरी काय करतलंस." एवढ्यानेच मला जास्त रडू आलं.

१७ मार्च १९८८

फाईल बंद केली. आढावा समितीने कक्षाला पाच वर्षांची मुदतवाढ दिली. साहेब म्हणाले, "घाडीगावकर, शंभर टक्के अर्ज निकाली! दुसऱ्या कुठल्याही कक्षाचा असा आकडा नाही." त्यांनी पेढे मागवले आणि मलाच वाटायला सांगितले. डोंगर कक्षापासून धोंडिरामपर्यंत सगळ्यांना दिले. धोंडिरामने घेतला, पण खाल्ला नाही.

कमलताईंनी हातच पुढे केला नाही. मशीनवरून नजर न उचलता हळूच म्हणाल्या, "घाडीगावकर, तुमच्या घरी सुतक आहे ना?"

मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.